शेषेरावाच्या हाताला लागलेला शंख

बिलोली तालुक्यात विहिरीत पाण्याची मोटार पडली की लोक दोन फोन करतात. एक मला, कारण बिलोलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुसरा शेषेरावाला, कारण पडलेली मोटार तळातून वर काढणारा तोच. आधी तो बुडी मारतो, मग मी तिच्या तारांचं वायंडिंग बघतो. या निमित्तानं पंधरा-वीस वर्षांची आमची ओळख. परवाच एका मळ्यातली सबमर्सिबल मोटार काढून त्यानं माझ्या दुकानासमोर आणून टाकली आणि "देविदासभाऊ, चहा सांगा," म्हणत बाकावर बसला. त्याच्या तोंडून चहा मागितलेला ऐकला की मला अजूनही बरं वाटतं. त्याचं कारण सांगतो.

शेषेरावाचं गाव बिलोलीपासून जवळच. घरची थोडी कोरडवाहू जमीन, सोयाबीन नि तूर. पोहायला तो मांजरा नदीत शिकला आणि विहिरीत उतरायला त्याच्या चुलत्याकडून. आमच्याकडच्या विहिरी खोल. तळाशी गाळ, आणि गाळात हात घातला की पाणी असं गढूळ होतं की डोळे उघडे असले काय, मिटलेले असले काय, सारखंच. तिथं बोटांनीच बघावं लागतं. शेषेराव बोटांनी बघतो. बादल्या, कळशा, मोबाइल, एकदा तर एका नव्या नवरीचं मंगळसूत्र त्यानं असं चाचपून चाचपून काढलेलं मी पाहिलंय. हाताला लागेल ते आधी मुठीत धरायचं आणि काय आहे ते वर आल्यावर बघायचं, ही त्याची सवय. खेकडे चावले, काचा लागल्या, पण सवय गेली नाही.

तो खाली असला की काठावर त्याची बायको सिंधु कमरेला बांधलेल्या दोराचं टोक धरून उभी राहते. दुसऱ्या कुणाच्या हातात ती दोर देत नाही. फार बोलणारी बाई नव्हे. तो वर येईपर्यंत पाण्याकडं बघत राहायचं आणि वर आला की टॉवेल पुढं करायचा.

मागच्या हिवाळ्यात, तुरी निघाल्यावर, व्यंकटरावांनी रामेश्वरची बस काढली. व्यंकटराव म्हणजे आमच्याकडचे निवृत्त ग्रामसेवक. दरवर्षी कुठं ना कुठं यात्रेची गाडी काढायची हा त्यांचा छंद. माणूस भला, पण प्रत्येक गोष्टीची आगाऊ तजवीज करून ठेवणारा. बसमध्ये आम्ही सगळे ओळखीचेच होतो. शेषेराव, सिंधुवहिनी, मी, आणि माझ्या शेजारच्या शांतम्मा. शांतम्मांचं माहेर तेलंगणातल्या बोधनकडचं, त्यामुळं त्यांना मराठीइतकीच तेलुगू येते. शेषेरावाची मुलगी तनुजा नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिला सुटी मिळाली नाही. निघताना तिनं बापाला बजावलं होतं, "बाबा, समुद्रात बुड्या मारू नका. ते विहिरीवाणी नस्ते."

"मी कामून मारू? दर्शनाला चाललोय," असं हा म्हणाला होता.

रामेश्वरला दर्शन झालं, स्नानं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर राजशेखरनं गाडी गावाबाहेरच्या एका किनाऱ्यावर नेली. तिथं ओहोटी लागलेली. गुडघाभर पाणी, खाली दगड आणि मेलेल्या पोवळ्यांचे खडबडीत थर. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. सगळे लहान लेकरांसारखे पाण्यात उभे होते. तेवढ्यात एक लाट जरा जोरात आली, व्यंकटराव मागच्या मागं बसले आणि त्यांचा चष्मा पाण्यात गेला.

"गेला!" व्यंकटराव ओरडले. "आता मला काहीच दिसत न्हाई!"

"शेषेराव असताना चष्मा जातोय कसा?" कुणीतरी म्हणालं.

झालं. शेषेराव शर्ट काढून पाण्यात पालथा झाला. पाणी स्वच्छ होतं, वरूनही दिसलं असतं, पण त्यानं आपल्या रीतीनं दगडांच्या फटीत हात घालत, चाचपत शोधायला सुरुवात केली. थोड्या वेळानं वर आला तेव्हा उजव्या हातात चष्मा होता आणि डाव्या हातात एक शंख.

असा शंख मी कधी पाहिला नव्हता. हाताच्या बोटाएवढा लांब, पण जाड. एका टोकाला रुंद, दुसरीकडं निमुळता, आणि कडेनं लांबलचक फट. फिक्कट गुलाबी रंगावर तपकिरी डाग नि त्यावर बारीक जाळी. शेषेरावानं तो तळहातावर धरला. फटीतून एक मऊ सोंड बाहेर आली आणि हळूच इकडंतिकडं हलली.

"जितं हाय व हे!" शेषेराव हरखून गेला. "तनुजाला दाखवायला नेतो."

मग एकदम त्यानं हात झटकला. "काटा लागला वाटतं." अंगठ्याच्या मुळाशी एक बारीकसा पांढरा ठिपका होता. रक्तसुद्धा नाही. त्यानं तिथं चोळलं आणि शंख सिंधुवहिनींच्या गडव्यात टाकला. घरी समुद्राचं पाणी न्यायला म्हणून त्यांनी तो पितळेचा गडवा भरून घेतला होता.

आम्ही वर रस्त्याकडं निघालो. तिथं शंख-शिंपल्यांचे, मण्यांच्या माळांचे ठेले होते. चहाची टपरी होती. चहा घेता घेता शेषेराव म्हणाला, "चहा लई गरम हाय काय? व्हट बधिर झाले मपले."

चहा कोमट होता. मी तसं म्हणालोसुद्धा. त्यानं पेला खाली ठेवला. थोड्या वेळानं म्हणाला, "हात बी जड वाटायलाय." आणि मग व्यंकटरावांकडं बघून, अगदी गंभीरपणे, "व्यंकटराव, तुमी दोन दोन कामून दिसायलात?"

लोक हसले. व्यंकटरावही हसले. सिंधुवहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याच्या पापण्या अर्ध्या खाली आल्या होत्या आणि तो त्या वर उचलायचा प्रयत्न करत होता.

"ह्यांचे डोळे बघा, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "हे झोपेचे डोळे न्हाईत."

तिकडं शांतम्मा एका ठेल्यावर माळा बघत होत्या. ठेलेवालीला त्यांनी कौतुकानं सांगितलं असावं, की आमच्याजवळ पण एक शंख आहे, जिवंत. सिंधुवहिनींनी खाली ठेवलेला गडवा उचलून त्यांनी तिच्यापुढं धरला. ठेलेवालीनं आत डोकावून पाहिलं आणि ती किंचाळलीच.

"विषम! विषम!"

आमचा राजशेखर म्हणाला, "काय विषम? सम-विषम नंबर विचारायलीय का?"

"आरं नंबर न्हाई!" शांतम्मा ओरडल्या. "तेलुगूत विषम म्हंजी विष! जहर! हिच्या भाषेत बी तेच आसल!"

ठेलेवाली तामिळ बोलत होती, पण यात्रेकरूंशी बोलून बोलून तिला तुटकं तेलुगू येत होतं. तिनं गडव्याकडं बोट दाखवलं, मग आपल्या हाताला बोट टोचून दाखवलं, आणि विचारलं, कुणाला? शांतम्मांनी शेषेरावाकडं बोट केलं. ती बाई ठेला तसाच टाकून धावली. तिच्या माहितीतला एक पाणबुड्या असाच गेला होता, हे तिनं शांतम्मांना सांगितलं. शांतम्मांनी ते आम्हाला त्या वेळी सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "दवाखान्यात चला. आत्ताच. ह्यो शंख संग घ्या, पण हात लावू नका."

गाडी त्या अरुंद रस्त्यात वळवण्यात वेळ गेला असता, म्हणून दोन रिक्षा केल्या. ठेलेवाली आमच्यासोबत बसली, रिक्षावाल्याला रस्ता सांगायला आणि डॉक्टरला सगळं समजावायला. शेषेरावाला मी नि राजशेखरनं मध्ये धरून बसवलं होतं. तो बोलायचा प्रयत्न करायचा, पण दारू प्यायलेल्यासारखे शब्द घरंगळत होते. ज्या माणसाला मी आयुष्यात कधी पेंगताना पाहिलं नाही, त्याची मान माझ्या खांद्यावर पडत होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं गडव्यात पाहिलं, शेषेरावाच्या पापण्या उचलून पाहिल्या, त्याला हात वर करायला सांगितलं. तो करू शकला नाही. मग मात्र तिचे हात झरझर चालायला लागले. हाताला पट्टी गुंडाळून फळी बांधली, नाकाला ऑक्सिजन लावला. आमच्याशी ती मोडक्या हिंदीत बोलली. तिच्या बोलण्याचा अर्थ असा होता की ही विषारी समुद्री गोगलगाय आहे, हिच्या विषावर उतारा नाही, पण विष काही वेळानं आपोआप उतरतं. तोवर श्वास बंद पडू शकतो.

"दवा नहीं है," ती म्हणाली. "साँस है। साँस चालू रखना है, बस।"

मशीन होतं जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात, तासाभराच्या अंतरावर. तिनं तिकडं फोन केला आणि अँब्युलन्स लगेच निघाली. आत शेषेराव, त्याच्याजवळ एक पुरुष परिचारक, सिंधुवहिनी आणि मी. पांबनचा पूल लागला तेव्हा दोन्ही बाजूंना समुद्र होता, पण आमच्यातल्या कुणी बाहेर पाहिलं नाही. शेषेरावाची छाती वर येणं कमी कमी होत चाललं होतं. पूल संपायच्या आत ती थांबली.

परिचारकानं त्याच्या तोंडावर मास्क दाबला आणि त्याला जोडलेला रबराचा फुगा पिळायला लागला. पिळला की छाती वर, सोडला की खाली. मग घशात साठलेलं काढायला, सलाईन बघायला त्याला हात मोकळे हवे होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात फोन होता. सिंधुवहिनींनी तो फुगा हातात घेतला.

मी तनुजाला फोन लावला होता आणि स्पीकर चालू होता. नांदेडहून ती पोरगी बोलत होती. तिचा आवाज एकदाच फुटला, नंतर नाही.

"आई, पिळलं की छाती वर येतीय का बघ."

"येतीय."

"घाई करू नको. तू सोता जसा श्वास घेतीस तसा बाबांना दे."

"देतेय."

"जोरात पिळू नको, आई."

"मला माहीत हाय ह्यांचा दम कसा चालतो ते," सिंधुवहिनी म्हणाल्या आणि फुगा पिळत राहिल्या. एवढी वर्षं काठावर उभं राहून त्या त्याच्या श्वासाकडंच लक्ष ठेवत आल्या होत्या. परिचारकानं थोडा वेळ पाहिलं, मान डोलावली आणि आपल्या कामाला लागला.

मोठ्या दवाखान्यात त्याला मशीनवर घेतलं. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, हृदय मजबूत आहे, आता वाट बघायची. आम्हाला ते 'वेळेत' फार मोठं वाटलं. तरी शेषेराव निपचित पडलेला होता, डोळे मिटलेले, बोटसुद्धा हलत नव्हतं. चिमटा काढला तरी काही नाही. बघणाऱ्याला तो गेलेलाच वाटावा.

बाकीची मंडळी बसनं मागोमाग आली आणि दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत थांबली. पुढं मदुराई होती, कन्याकुमारी होती. व्यंकटरावांनी सगळ्यांना विचारलं, ज्यांना जायचं असेल त्यांची सोय करतो. कुणीच उठलं नाही. शांतम्मा म्हणाल्या, "कन्याकुमारी काय पळून चाललीय?"

आत एका वेळी एकालाच सोडत. मी जाऊन आलो, राजशेखर जाऊन आला. व्यंकटराव गेले. सिंधुवहिनी तर जास्त वेळ तिथंच. एकदा मी काचेतून पाहिलं तर त्या स्टुलावर बसून त्याच्याशी बोलत होत्या. एवढं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. काय बोलत होत्या ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर आली आणि अंगठा वर करून हलवून दाखवला. आम्हाला वाटलं सगळं ठीक आहे असं म्हणतेय. ती मान हलवून 'तसं नाही' म्हणाली आणि परत अंगठा हलवला. शेषेरावाचा अंगठा हलला होता! मग पायाची बोटं. मग पापण्या. दुपारपर्यंत तो स्वतः श्वास घ्यायला लागला, आणि डॉक्टरांनी नळी काढली. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. शेजारी राजशेखर रडत होता आणि हसतही होता. तनुजाला फोन लावून सांगितलं तर ती म्हणाली, "काका, जरा वेळानं बोलते."

त्यानंतर डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. ही गोगलगाय मासे खाते. तिची चाल मुंगीच्या पावलाची, आणि मासा तर क्षणात पळणारा. म्हणून तिच्या सोंडेत भाल्यासारखा पोकळ दात असतो. तो टोचला की मासा जागच्या जागी लुळा पडतो. माणसालाही तेच होतं. मेंदू हुकूम देतो, पण तो स्नायूपर्यंत पोचत नाही. मला आपलं मोटारीच्या भाषेत कळलं. लाइट आहे, वायंडिंग शाबूत आहे, मधला स्टार्टर तेवढा बंद. आणि म्हणूनच, ते म्हणाले, असा पेशंट बेशुद्ध असेलच असं नाही.

ते किती खरं होतं ते संध्याकाळी कळलं. व्यंकटराव भेटायला आत गेले आणि त्यांच्या मागोमाग मीही गेलो, आता कुणी अडवलं नाही. शेषेरावाचा आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट.

"या व्यंकटराव. आज एकच दिसायलात."

"देवाची किरपा," व्यंकटराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एक इचारू?"

"इचार की."

"मला बिलोलीपर्यंत बर्फात घालून नेणार होतात का तसंच?"

व्यंकटरावांचा चेहरा पांढरा पडला. झालं होतं असं, की आदल्या दिवशी ते खाटेजवळ उभे असताना त्यांना कुणाचा तरी फोन आला, आणि तजवीज करणारा हा माणूस तिथंच हळू आवाजात विचारायला लागला, की तसंच काही झालं तर महाराष्ट्रात न्यायला कागद काय लागतात, गाडी कोणती मिळते, रस्त्यात बर्फ बदलावा लागतो का. शेषेरावाला एकूण एक शब्द ऐकू येत होता आणि 'आवं, मी जिता हाय' एवढं म्हणायला ओठ हलत नव्हते.

"तू... तू ऐकत होतास?"

"ऐकत होतो. मनात म्हणलं, ह्या माणसाचा चष्मा काढायला गेलो नि ह्यो मला बर्फात घालायलाय!"

आधी मी हसलो. मग शेषेराव, खोकत खोकत. शेवटी व्यंकटरावसुद्धा, पदर नव्हता म्हणून उपरण्यानं डोळे पुसत. नर्स धावत आली आणि तिनं आम्हा दोघांना बाहेर काढलं.

सिंधुवहिनी काय बोलत होत्या ते शेषेरावानं मला पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ती म्हणत होती, तुम्ही विहिरीत उतरलात की दर वेळेला माझ्या पोटात गोळा येतो. लग्न झालं तेव्हापासून येतो. मी बोलत नाही. आज बोलते. तुम्हाला ऐकू येत नसलं तरी बोलते.

बोलता यायला लागल्यावर त्यानं तिला विचारलं, "इतके वर्सं तू कधी म्हणली न्हाईस?"

"म्हणले असते तर तुमी थांबला असता?"

त्यानं विचार केला. "न्हाई."

"मग?" ती म्हणाली आणि दोघंही हसली. आता विहिरीत उतरायच्या आधी तो तिला विचारतो, जाऊ का? ती कधी जा म्हणते, कधी आज नको म्हणते. नको म्हणाली तर मला फोन येतो, "देविदासभाऊ, मोटार उद्या काढू." मी गिऱ्हाइकाला समजावतो.

डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी आम्ही मुद्दाम त्या किनाऱ्यावर गेलो. ठेलेवाली भेटली. तिनं शेषेरावाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. सिंधुवहिनींनी तिच्या पायाला हात लावला तर ती मागं सरली, मग दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. शेषेरावानं शांतम्मांकरवी तिला विचारलं, त्या शंखाचं काय केलं? दवाखान्यातनं ती गडवा घेऊन आली होती आणि दगडांच्या पलीकडं, खोल पाण्यात, तिनं तो उपडा केला होता.

"बरं केलं," शेषेराव म्हणाला. "म्याच त्याच्या घरात हात घातला व्हता."

कन्याकुमारी राहिलीच. त्याबद्दल बसमध्ये कुणी एक अक्षर काढलं नाही. उलट परतीच्या वाटेवर जो तो शेषेरावाला काही ना काही खायला देत होता, आणि तो सगळं खात होता.

गाडी बिलोलीला दुपारी पोचली. तनुजा रजा काढून आली होती. तिनं स्टँडवरच बापाला बाकावर बसवलं, पापण्या उचलून पाहिल्या, मुठी आवळायला लावल्या, नाडी मोजली. सगळं नीट आहे असं पाहिल्यावर मग रागावली, आणि रागावता रागावता त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

गावात खबर आधीच गेली होती. घरी पोचेपर्यंत ओसरी माणसांनी भरली. जो येईल त्याला शेषेराव हाताचा तो ठिपका दाखवत होता, खरं तर आता तिथं काहीच दिसत नव्हतं. चहाचं बघायला म्हणून मी आत गेलो तर सिंधुवहिनी माजघरात, प्रवासातल्या लुगड्यानिशी, भिंतीला टेकून झोपल्या होत्या. किती दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांच्या. तनुजानं तोंडावर बोट ठेवलं आणि आईच्या अंगावर हळूच चादर टाकली.

मी बाहेर येऊन शेषेरावाच्या कानात सांगितलं. तो उठला, चुलीपाशी गेला आणि आलेल्या सगळ्यांसाठी त्यानंच चहा ठेवला. साखर जरा जास्तच पडली होती. माजघराकडं खूण करत त्यानं कप वाटले. सगळ्यांनी आवाज न करता प्याला.